रिठद ते अमरावती : पाकिटातली साक्ष

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं रिठद हे सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातलं गाव. या लेखात त्याचं नाव आलं ते तिथल्या कुठल्या घटनेमुळे नव्हे. महाराष्ट्रातल्या हजारो गावांसाठी जो प्रश्न सारखाच आहे, तो मोजायला एक पक्की जागा हवी होती. प्रश्न असा : अशा गावातल्या बाईवर किंवा लेकरावर लैंगिक अत्याचार झाला, तर गुन्हेगाराची ओळख पटवणारं शास्त्र तिच्यापर्यंत पोहोचतं का?

तालुक्याचं ठिकाण रिसोड, जिल्हा रुग्णालय वाशीमला, आणि अमरावती विभागाची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा अमरावतीला, म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त लांब. तिथे जातात ती लाखेने सीलबंद केलेली काही पाकिटं. कपडे, कापसाचे बोळे, काचपट्ट्या, नखांची कात्रणं, रक्ताची नळी. कोर्टात तोंडी साक्षीला फाटे फुटू शकतात, साक्षीदार फितूर होऊ शकतात, गावाचा दबाव येतो. पाकिटातल्या साक्षीवर दबाव आणता येत नाही. पण ती नासू शकते, हरवू शकते, आणि नीट न हाताळल्यामुळे कोर्टाच्या नजरेतून उतरू शकते. गेल्या पन्नास वर्षांतले निकाल पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. विज्ञान तोकडं पडल्याची उदाहरणं आहेत, पण हातात आलेलं विज्ञान आपण वाया घालवल्याची उदाहरणं अधिक बोचरी आहेत.

देसाईगंजचा डाग

२६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी त्याच ठाण्यातले दोन पोलीस होते. मुलीची वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमाराला. अंगावर जखम आढळली नाही. योनीतल्या स्रावाच्या काचपट्ट्यांवर वीर्य सापडलं नाही. मात्र रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात मुलीच्या कपड्यांवर आणि एका आरोपीच्या पायजम्यावर वीर्याचे डाग असल्याचं नमूद झालं.

आज असा अहवाल आला तर पुढचा प्रश्न एकच असेल : हे डाग कुणाचे? त्या काळी या प्रश्नाचं नेमकं उत्तर देणारं तंत्रच जगात नव्हतं. डाग होता, पण त्याला नाव नव्हतं. त्यामुळे कपड्यावरचा डाग दुसऱ्या कुणाचा असू शकेल आणि पायजम्यावरच्या डागाचं कारणही वेगळं असू शकेल, असं सत्र न्यायालयाने धरलं. सत्र न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या आरोपींना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावर त्या निकालाचा भर होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

या प्रकरणातून दोन धडे मिळतात. जखम नसणं म्हणजे संमती, हा समज किती घातक आहे हा पहिला. दुसरा आजच्या विषयाचा : नुसता डाग सापडून भागत नाही, तो कुणाचा हे सांगता आलं पाहिजे.

डागातून माणसापर्यंत

मुंबईत रासायनिक विश्लेषकाची प्रयोगशाळा १८७० च्या सुमारास सुरू झाली. सुरुवातीचं मोठं काम विषप्रयोगाचं आणि रक्ताच्या डागांचं. आजही पोलीस ठाण्यात आणि कोर्टाच्या आवारात प्रयोगशाळेच्या अहवालाला सर्रास ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, ती त्या जुन्या पदाची आठवण. आता संचालनालय मुंबईत कलिना इथे आहे आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत.

डीएनए येण्याआधी प्रयोगशाळेची मजल रक्तगटापर्यंत होती. सुमारे ऐंशी टक्के माणसांच्या लाळेत आणि वीर्यातही त्यांच्या रक्तगटाचे घटक उतरतात, त्यामुळे डागावरून गट सांगता येई. पण आपल्याकडे जवळपास दर तीन माणसांत एक ‘बी’ गटाचा. डाग ‘बी’ गटाचा आणि आरोपीही ‘बी’ गटाचा, एवढ्याने गावातली एकतृतीयांश माणसं संशयाच्या घेऱ्यात येतात. गट जुळला नाही तर निर्दोष माणूस सुटे, हा त्या चाचणीचा खरा उपयोग.

सप्टेंबर १९८४ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनए ठशांची पद्धत सापडली. तिचा गुन्हे तपासातला पहिला मोठा वापर लेस्टरजवळच्या दोन मुलींच्या बलात्कार-खुनाच्या प्रकरणात झाला. एका तरुणाने त्यातल्या एका गुन्ह्याची कबुली दिली होती. डीएनएने दाखवलं की दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत, आणि तो माणूस हा तरुण नाही. त्यानंतर परिसरातल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले गेले, खरा गुन्हेगार सापडला आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. हे तंत्र न्यायाच्या दारात आलं ते आधी एका निरपराध माणसाला सोडवून, ही गोष्ट ‘डीएनए करा आणि फासावर लटकवा’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

भारतात हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत लालजी सिंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत उभी केली. २००५ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली आणि बलात्काराच्या आरोपीच्या वैद्यकीय तपासणीत डीएनएसाठी नमुने घेण्याची तरतूद आली. त्याच वेळी पीडितेच्या तपासणीचंही कलम आलं : तिच्या संमतीने, आणि गुन्ह्याची माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत तिला डॉक्टरकडे पाठवणं.

पहिले तास

फ्रान्समधल्या लिऑनच्या एडमंड लोकार यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेलं तत्त्व या शास्त्राचा पाया आहे. दोन गोष्टींचा स्पर्श झाला की प्रत्येकीवर दुसरीचा काही अंश राहतो. लैंगिक अत्याचारात हा अंश वीर्य, लाळ, रक्त, केस, त्वचेच्या पेशी, कपड्यांचे धागे, माती, गवताच्या कुसळांच्या रूपात असतो. तो दोघांच्या अंगावर असतो, म्हणून आरोपीची तपासणीही तितकीच तातडीची. त्याची नखं, त्याचे कपडे, त्याच्या अंगावरचे ओरखडे यांकडे दुर्लक्ष होतं आणि भर दिला जातो तो ‘पुरुषत्व चाचणी’वर. त्या चाचणीतून ओळख काहीच पटत नाही.

शरीरावरची ही साक्ष झपाट्याने विरते. तोंडातले अंश एका दिवसात जातात, कारण लाळ वाहते आणि माणूस खातो-पितो. योनीमार्गात शुक्रजंतू साधारण तीन दिवसांपर्यंत, कधी त्याहून जास्त काळ सापडतात. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ७२ तासांनंतर शक्यता बरीच कमी होते, तरी ९६ तासांपर्यंत नमुने घ्यावेत. कपड्यावरचा डाग मात्र कोरडा राहिला तर महिनोन्महिने, वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून उशीर झाला, अंघोळ झाली, तरी ‘आता काही उपयोग नाही’ असं कुणीही सांगू नये. धुतलेल्या कपड्यावरूनही कधी कधी डीएनए मिळतो.

खेड्यात अडचण सुरू होते ती इथेच. घाण वाटते, शिसारी येते, आई पहिल्यांदा लेकीला न्हाऊ घालते आणि कपडे धुऊन टाकते. यात तिची काही चूक नाही. कुणी तिला वेगळं सांगितलेलंच नसतं. मग घरात चर्चा, भावकीत चर्चा, कुणी मोठा माणूस मध्ये पडतो, ‘पोरीचं लग्न व्हायचंय’ म्हणतो. दोन दिवस जातात. हे दोन दिवस कुठल्याही यंत्राने परत आणता येत नाहीत.

रुग्णालयात काय व्हायला हवं हे ठरलेलं आहे. आधी उपचार आणि धीर. मग संमती. तपासणीला नकार दिला तरी उपचार नाकारता येत नाहीत, आणि सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ते विनामूल्य द्यायचे आहेत. कपडे उतरवताना खाली मोठा कोरा कागद अंथरायचा, म्हणजे पडलेला केस, धागा, माती त्यावर गोळा होते. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात. बोळे आणि काचपट्ट्या सावलीत हवेवर सुकवायच्या. ओला नमुना प्लॅस्टिकमध्ये बंद केला की बुरशी आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात. पावसाळ्यातली ओल आणि विदर्भातला मे महिना, दोन्ही नमुन्यांचे वैरी.

या सगळ्याची शिस्त महाराष्ट्रात यायला झगडावं लागलं, आणि त्या झगड्याचं एक केंद्र विदर्भातच आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अशा तपासण्यांच्या दुरवस्थेवर सविस्तर अहवाल लिहिला. त्यातून नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेने रुग्णालयांत काम करून पीडितेला केंद्रस्थानी ठेवणारी पद्धत घडवली. २०१३ मध्ये राज्याची आणि २०१४ मध्ये केंद्राची नियमावली आली. ‘दोन बोटांची चाचणी’ हद्दपार करण्याचा आग्रहही याच प्रयत्नांतून पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१३ मध्ये पीडितेच्या प्रतिष्ठेचा भंग ठरवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर अशी चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं स्पष्ट सांगितलं. या चाचणीचा ओळखीशी संबंध नव्हताच. बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवायला तिचा वापर होई.

लाख, शिक्का आणि नोंदवही

आता पाकिटं सील झाली. इथून पुढचा प्रवास सर्वांत साधा, आणि खटले बुडतात ते याच टप्प्यावर. डॉक्टरांनी नमुने पोलिसांच्या हाती दिले, पोलिसांनी ते मुद्देमाल कारकुनाकडे जमा केले, अंमलदाराने ते प्रयोगशाळेत पोहोचवले, तिथे शिक्के तपासून नोंद झाली. यातल्या प्रत्येक हस्तांतराची तारीख, वेळ, सही आणि शिक्क्याचा नमुना लागतो. उलटतपासणीत बचावाचा वकील यंत्राबद्दल क्वचितच विचारतो. त्याचे प्रश्न साधे असतात. सील कुणी केलं? पाकीट त्या आठ दिवसांत कुठे होतं? कोण घेऊन गेलं? नोंद दाखवा. हे प्रश्न रास्त आहेत, कारण त्यांच्या उत्तरावर कुणाचं तरी आयुष्य टांगलेलं असतं.

दिल्लीच्या छावला भागातल्या तरुणीचं २०१२ मध्ये अपहरण झालं, सामूहिक बलात्कार आणि खून झाला. खालच्या दोन्ही न्यायालयांनी तिघांना फाशी दिली. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडलं. कारणांत एक मोठं कारण असं : नमुने १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतले, प्रयोगशाळेत गेले २७ फेब्रुवारीला, आणि मधले दिवस ते पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते. त्यात ढवळाढवळ झालीच नसेल असं सांगता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. आपल्या राज्यातल्या ठाणे जिल्ह्यात २०१० मध्ये सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला मारल्याच्या खटल्यातही हेच झालं. फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केलं. नमुने पाठवायला झालेल्या विलंबाचा खुलासा नव्हता आणि ते दूषित होण्याची शक्यता नाकारता येत नव्हती.

या निकालांवर राग येणं स्वाभाविक आहे. पण तो राग न्यायालयावर काढून उपयोग नाही. छावल्याचे आरोपी खरे गुन्हेगार असतील, तर त्यांना सोडवलं ते मालखान्यातल्या अकरा दिवसांनी. नसतील, तर खरा गुन्हेगार कधी सापडणारच नाही, तेही याच ढिलाईमुळे. दोन्ही बाजूंनी त्या मुलीचा न्याय हरवला.

अमरावती जिल्ह्यातलं प्रकरण रिठदच्या आणखी जवळचं. २००७ मध्ये तिथे तीन वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. फाशी झाली, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायमही केली. पण फेरविचारात, डिसेंबर २०१८ मध्ये, न्यायालयाला दिसलं की डीएनएसाठी नमुने घेतले होते आणि पाठवलेही होते, तरी त्याचा निष्कर्ष कोर्टापुढे कधी आलाच नाही. का आला नाही, याचंही स्पष्टीकरण नव्हतं. डीएनए तपासणी केली नाही किंवा तिचा अहवाल दडवला, तर त्याचा विपरीत परिणाम सरकारी पक्षाला भोगावा लागेल, असं न्यायालयाने बजावलं. दोषसिद्धी राहिली, फाशीऐवजी उर्वरित आयुष्यभराची कैद झाली. अकरा वर्षांत एक अहवाल कोर्टापर्यंत पोहोचला नाही, ही या विषयातली सर्वांत साधी आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे.

प्रयोगशाळेच्या टेबलावर

प्रयोगशाळेत कपडा आधी विशिष्ट प्रकाशाखाली पाहतात, डाग असेल तर तो उजळून दिसतो. मग ॲसिड फॉस्फेटेजची प्राथमिक चाचणी होते, पीएसए या प्रथिनाची खात्रीची चाचणी होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतूंचा शोध घेतला जातो. प्राथमिक चाचणी केवळ शक्यता सांगते. अहवाल वाचताना वकिलांनी आणि पत्रकारांनी हा भेद पाळायला हवा.

खरी किमया पुढे आहे. बोळ्यावर बाईच्या लाखो पेशी असतात आणि पुरुषाच्या मूठभर. दोन्ही डीएनए एकत्र आले तर बाईचा डीएनए पुरुषाचा झाकून टाकतो. पण शुक्रजंतूचं डोकं रासायनिकदृष्ट्या फार चिवट असतं. म्हणून आधी सौम्य प्रक्रियेने बाईच्या पेशी फोडून त्यांचा डीएनए बाजूला काढतात, मग वेगळं रसायन वापरून शुक्रजंतू फोडतात. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत आजही या कामाचा कणा आहे. मिळालेल्या अल्पशा डीएनएच्या पीसीआर या तंत्राने लाखो प्रती करतात आणि वीसच्या आसपास ठिकाणी त्यातले छोटे, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे मोजतात. या मोजमापांचा संच दोन असंबंधित माणसांत जुळण्याची शक्यता नगण्य असते. एकसारखी जुळी भावंडं हा अपवाद.

शुक्रजंतूच नसतील, उदाहरणार्थ नसबंदी झालेल्या पुरुषाच्या बाबतीत, किंवा फक्त लाळ वा नखाखालच्या पेशी असतील, तर फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्रावरची तपासणी कामी येते. तिची मर्यादा मात्र आपल्या खेड्यांत विशेष महत्त्वाची आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. बाप, काका, भाऊ, चुलतभाऊ, सगळ्यांचं सारखं. एकाच आडनावाची भावकी वाड्यावर राहत असेल तर वाय-तपासणी त्या भावकीकडे बोट दाखवेल, त्यातल्या एका माणसाकडे नाही. तिच्यावरून एकट्यालाच दोषी धरणं चूक, आणि बाहेरच्या निरपराध माणसाला तिच्यावरून सोडणं मात्र अगदी बरोबर.

डीएनए व्यतिरिक्तही साधनं आहेत. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कार प्रकरणात मुलीच्या अंगावरच्या चाव्यांच्या खुणा आरोपींच्या दातांशी ताडून पाहिल्या गेल्या. ते काम कर्नाटकातल्या धारवाडच्या एसडीएम दंतवैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञाने केलं आणि २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. पण चाव्याच्या खुणांच्या तुलनेवर अमेरिकेतल्या शास्त्रीय समित्यांनी त्याआधीच गंभीर शंका घेतल्या आहेत. त्वचा ताणते, सुजते, खूण बदलते. चाव्यावरची लाळ बोळ्याने टिपून तिचा डीएनए काढणं हा अधिक भक्कम मार्ग.

अहवालाचं मौन

अहवालात ‘वीर्य आढळलं नाही’ असं आलं की गावात आणि कधी कधी कोर्टातही ‘खोटी केस’ अशी कुजबुज सुरू होते. हे साफ चूक आहे. वीर्यपात झालाच नसेल, निरोध वापरला असेल, उशीर झाला असेल, नमुना नासला असेल. २०१३ पासून कायद्यातली बलात्काराची व्याख्याही विस्तारली आहे, बोटाने किंवा वस्तूने केलेला अत्याचारही तिच्यात येतो. अशा गुन्ह्यात वीर्य सापडेल कुठून? पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिला वैज्ञानिक पुराव्याच्या टेकूची सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. १९९० मध्ये नागपूरच्या एका पोलीस उपनिरीक्षकाच्या खटल्यातही हेच सांगितलं होतं.

उलट बाजूही तितकीच खरी. ‘जुळला’ म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. डीएनए ‘कोण’ सांगतो. संमती होती का, हे तो सांगत नाही. वस्तूवरचा सूक्ष्म अंश कधी तिसऱ्याच वाटेने पोहोचलेला असतो. म्हणून अहवाल बाकीच्या पुराव्यांच्या शेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

मग एक प्रश्न उरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसतं की बलात्काराच्या शंभरातल्या नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मालक, लग्नाचं वचन देणारा. तो कोण हे ठाऊक असेल तर प्रयोगशाळा कशाला? उत्तर असं की ओळखीचा आरोपी सहसा ‘मी तिथे नव्हतोच’ किंवा ‘माझा तिच्याशी संबंधच आला नाही’ असं म्हणतो, आणि त्याच्या बाजूला गावातली वजनदार माणसं असतात. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत तर संमतीचा मुद्दाच कायद्याला मान्य नाही. तिथे शरीरसंबंध सिद्ध झाला की गुन्हा सिद्ध होण्याच्या वाटेवरचा मोठा अडथळा दूर होतो.

मुलीला दिवस गेल्यावरच गुन्हा उघडकीला येतो, अशी प्रकरणं थोडी नाहीत. गर्भपात झाला तर गर्भाच्या ऊतींवरून पितृत्व निर्विवाद ठरवता येतं. पण सवयीने कुणी त्या ऊती फॉर्मॅलिनमध्ये बुडवल्या, तर डीएनए खराब होतो. साध्या सलाइनमध्ये, बर्फात ठेवून त्या लवकर पाठवायच्या असतात. एका बाटलीतलं चुकीचं द्रव एका मुलीचा सर्वांत भक्कम पुरावा संपवू शकतं. प्रसूतिगृहातल्या प्रत्येक परिचारिकेला हे माहीत असायला हवं.

कायदा पुढे, यंत्रणा मागे

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं तिने बंधनकारक केलं, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली. पीडितेच्या तपासणीचा अहवाल डॉक्टरांनी सात दिवसांत द्यायचा आहे. बलात्काराचा तपास दोन महिन्यांत पुरा करायचा आहे. महाराष्ट्रात फिरत्या न्यायसहायक प्रयोगशाळांच्या गाड्याही आल्या आहेत.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या एका खटल्यात आणखी स्पष्ट आदेश दिले. डीएनएचे नमुने घेतल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायचे, उशीर झाला तर कारण नोंदवायचं. घेताना डॉक्टर, तपास अधिकारी आणि साक्षीदार यांच्या सह्या. खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही. आणि नमुना घेतल्यापासून निकाल लागेपर्यंत ताबासाखळीची, म्हणजे पाकीट कुणाकडून कुणाकडे गेलं याची, नोंदवही ठेवायची. छावला आणि ठाण्याच्या खटल्यांत जे नव्हतं, तेच इथे नियम होऊन आलं आहे.

दुसऱ्या टोकाला डीएनए माहितीसाठ्याचा प्रश्न लोंबकळत आहे. जुने गुन्हे आणि सराईत गुन्हेगार जोडायला असा साठा उपयोगी पडतो. पण त्यात कुणाची माहिती, किती वर्षं, कुणाच्या ताब्यात ठेवायची, यावर कायदा हवा. त्यासाठीचं विधेयक सरकारने २०२३ मध्ये मागे घेतलं. ही उणीव भरून काढणं आवश्यक आहे, मात्र नागरिकांच्या खासगीपणाचं संरक्षण त्या कायद्यातच लिहिलेलं असायला हवं.

काय करायला हवं

माझं ठाम मत असं की रिठदसारख्या गावासाठी पहिली गुंतवणूक महागड्या यंत्रात नको, हातांत हवी. रिसोडसारख्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास नमुने घेता येणारा प्रशिक्षित डॉक्टर आणि परिचारिका, नमुने सुकवायची सोय, तयार संच आणि फ्रीज हवा. वाशीमला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. त्याच्या न्यायवैद्यक विभागाने जिल्ह्यातल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तपास अंमलदाराला वर्षातून एकदा तरी हे काम हाताने करून शिकवावं. सेवाग्रामने दाखवलेली वाट तिथून दूर नाही. प्रयोगशाळांतल्या रिकाम्या जागा भरल्या जाव्यात, कारण पाकीट ४८ तासांत पोहोचून पुढे महिनोन्महिने कपाटात पडलं तर पहिली धावपळ व्यर्थ. आणि प्रत्येक सत्र खटल्यात सरकारी वकिलाने आधी हे तपासावं की घेतलेल्या प्रत्येक नमुन्याचा अहवाल फाइलमध्ये आहे की नाही.

बाकीचं काम गावाचं आहे. आशाताई, अंगणवाडीताई, पोलीस पाटील, शिक्षक यांना पुढच्या गोष्टी माहीत असाव्यात आणि त्यांनी त्या इतरांना सांगाव्यात. अंगावरचे कपडे धुऊ नका. ते सावलीत वाळवून कागदात वेगवेगळे गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. शक्य असेल तर अंघोळीआधी रुग्णालयात न्या, पण अंघोळ झाली असली तरी न्याच. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधंही पहिल्या ७२ तासांतच द्यावी लागतात आणि गर्भधारणा टाळण्याचं औषध जितकं लवकर तितकं अधिक उपयोगी, तेव्हा उशीर करण्यात कुणाचंच भलं नाही. ११२ या क्रमांकावर पोलीस, १८१ वर महिलांसाठी मदत आणि १०९८ वर मुलांसाठी मदत मिळते. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. पीडितेचं नाव कुठेही, कुणालाही, व्हॉट्सॲपवरही सांगू नका. तो स्वतंत्र गुन्हा आहे.

घरात असा प्रसंग आला तर सल्ल्याला बसलेल्या माणसांत एकाने तरी उठून म्हणावं, ‘बाकीचं नंतर बोलू, आधी पोरीला दवाखान्यात नेऊ.’ देसाईगंजच्या मुलीच्या कपड्यांवरचा डाग कुणाचा, हे सांगणारं तंत्र १९७२ मध्ये जगात नव्हतं. आज ते आहे, आणि अमरावतीची प्रयोगशाळा रिठदहून एका दिवसाच्या प्रवासावर आहे.